अर्ध्या तोंडाचा न्याय

गाजलेल्या गोष्टीला नावे ठेवायला दिवाळीसारखा वाईट मुहूर्त नाही, हे मला ठाऊक आहे. घरात चकलीचा खमंग वास दरवळतो आहे, पोरेबाळे नव्या कपड्यांत फडके रोडवर मिरवून परतली आहेत, आणि अशा वेळी कोणी उठून म्हणू लागला की, 'तुम्हां सर्वांना आवडलेली ती गोष्ट मुळात अर्धवट आहे', तर त्याच्या ताटात करंजीऐवजी पायाखाली फोडायचे कारीट वाढावे असे घरच्या माउलीला वाटले तर तिचा दोष नाही. तरीही मी हे धाडस करणार आहे. कारण ज्या गोष्टीविषयी मला बोलायचे आहे ती मी गेल्या दिवाळीत डोंबिवलीला एका आप्तांच्या घरी, अशाच भरल्या ताटावर, पुन्हा पाहिली. आणि त्या दिवसापासून ती माझ्या घशात अडकून बसली आहे.

ती गोष्ट म्हणजे 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेचा एक भाग. आकाशयानांच्या सफरींची ही मालिका ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखवली जात असे, आणि त्या वेळी चाळीतली निम्मी मुले ज्याच्या घरी दूरचित्रवाणी संच असेल त्याच्या दारात बसलेली असत. ज्या भागाबद्दल मी म्हणतो तो अमेरिकेत 10 जानेवारी 1969 रोजी प्रथम प्रक्षेपित झाला. त्याचे नाव 'लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड', म्हणजे 'हीच तुमची अखेरची रणभूमी ठरो'. वर्णद्वेषावर दूरचित्रवाणीने केलेली सर्वांत धीट टीका म्हणून तो आज साठ वर्षे होत आली तरी नावाजला जातो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो.

'एंटरप्राइज' नावाच्या यानाला अंतराळात चोरलेल्या एका छोट्या यानातून पळणारा माणूस सापडतो. त्याचे नाव लोकाई. त्याचे तोंड बरोबर मधोमध दुभंगलेले आहे: एक बाजू कोळशासारखी काळी, दुसरी चुन्यासारखी पांढरी. पाठोपाठ त्याला पकडायला दुसरा एक जण येतो. त्याचे नाव बील. त्याचेही तोंड तसेच अर्धे काळे, अर्धे पांढरे. बील हा चेरॉन नावाच्या ग्रहावरचा सरकारी अधिकारी. लोकाई हा तिथल्या गुलामांचा बंडखोर पुढारी. पन्नास हजार वर्षे एक पळतो आहे आणि दुसरा पाठलाग करतो आहे. यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा शहाणा सहकारी स्पॉक यांना कळेना की, एकाच वंशाच्या दोन माणसांत एवढे वैर का? तेव्हा बील आश्चर्याने विचारतो की, तुम्हांला दिसत नाही काय? माझी उजवी बाजू काळी आहे, आणि त्याची उजवी बाजू पांढरी!

या ठिकाणी आमच्या त्या दिवाणखान्यात हास्याचा स्फोट झाला. आजोबा हसले, सूनबाई हसल्या, कॉलेजात जाणारा भाचा तर सोफ्यावरून खाली यायचा बाकी राहिला. 'काय मूर्ख लोक!' असे यजमान डोळे पुसत म्हणाले. ते हसणे ओसरते न ओसरते तोच त्यांचा फोन वाजला. त्यांची दुसरी एक रिकामी जागा भाड्याने द्यायची होती, आणि पलीकडून दलाल बोलत होता. यजमानांनी माणूस नोकरी कुठे करतो ते विचारले, कुटुंबात किती जण ते विचारले, आणि मग आवाज किंचित खाली आणून विचारले, 'आडनाव काय म्हणालात?' पलीकडून उत्तर आले. 'असं का... बरं, घरात विचारून कळवतो हं,' असे म्हणून त्यांनी फोन ठेवला, एक बेसनाचा लाडू उचलला आणि भाच्याला म्हणाले, 'हं, लाव रे पुढे!'

घरात कोणी काही विचारले नाही. 'घरात विचारून' म्हणजे कोणाला, हेही कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. मीही लाडूच खात होतो.

यजमानांचा दंभ उघडा पाडावा म्हणून मी हा प्रसंग सांगत नाही. ते सज्जन आहेत; त्यांच्या हातून कोणाचे वाईट व्हावे असे त्यांना स्वप्नातही वाटत नाही. माझी तक्रार त्या गोष्टीविषयी आहे. वर्णद्वेषाविरुद्धची एवढी नावाजलेली गोष्ट पाहता पाहता, तिला मनापासून दाद देता देता, एका चांगल्या माणसाला तेच कृत्य करता यावे आणि त्याला काहीच टोचू नये, असे त्या गोष्टीत काय कमी आहे?

आधी तिचे ऋण मान्य करतो. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. त्यानंतर वर्षही पुरे व्हायच्या आत ही कथा अमेरिकेतल्या घराघरांत गेली. त्या काळी असा विषय काढायलाही छाती लागत होती. शिवाय 'उजवी बाजू' हा प्रसंग खरोखरच अव्वल दर्जाचा आहे. अमेरिकन प्रेक्षकाला तो विनोद वाटतो, कारण त्याच्याकडचा भेद निदान डोळ्यांना दिसणारा असतो. आपल्याला मात्र त्यात विनोदापेक्षा ओळखीची खूण दिसायला हवी होती. आपल्याकडे तर तेवढीही बाजू नाही! ठाण्याच्या फलाटावर सकाळी आठ वाजता उभ्या असलेल्या हजार माणसांतून परक्या देशाच्या पाहुण्याला कोणाची जात कोणती हे ओळखून दाखवा म्हटले, तर त्याची कर्कहूनही बिकट अवस्था होईल. चेरॉनवर तोंड पाहून काम भागत होते. आपल्याला आडनाव विचारावे लागते. अमेरिकेत लिहिलेली ती अतिशयोक्ती आपल्याकडे साधे वास्तववर्णन ठरते, आणि तरी आपण हसतो. असो.

आता दोष सांगतो. कथेच्या मध्यावर लोकाई यानावरच्या मंडळींना आपले दुःख सांगतो. तो सांगतो की, आमच्या घरांवर धाडी घातल्या, आम्हांला मुलाबाळांपासून तोडले, गुरांसारखे हाकलून विकले. बीलचे उत्तर ऐकण्यासारखे आहे: हे रानटी होते, आम्ही यांना घरात घेतले, शिकवले, आणि त्यांनी आमच्यावरच हात उगारला. यावर लोकाई म्हणतो की, शिकवलेत खरे, पण मालकाची चाकरी करण्यापुरतेच. म्हणजे कथेनेच साक्ष दिली की एक मालक होता आणि दुसरा गुलाम. येथपर्यंत सारे ठीक. पण शेवटी काय होते? यान चेरॉनवर पोहोचते तेव्हा तो ग्रह मेलेला असतो. दोन्ही जमातींनी एकमेकींचा संपूर्ण संहार केलेला असतो. कर्क दोघांना विनवतो की, द्वेष सोडा, नाहीतर तुम्हीही मराल. ते ऐकत नाहीत. एकमेकांमागे धावत त्या स्मशानात उतरतात. आणि स्पॉक निकाल देतो की, इतक्या टोकाच्या दोन मनोवृत्तींकडून शहाणपणाची अपेक्षा करणे तर्काला धरून नाही.

दोन टोके! गुलाम हे एक टोक, मालक हे दुसरे टोक, आणि मध्ये आपण शहाणे. ज्याने विकले तोही द्वेष्टा, जो विकला गेला तोही द्वेष्टा. सबब दोघांनीही समान पथ्य पाळावे! हा न्याय त्या दोघांच्या चेहऱ्यांसारखाच अर्धामुर्धा आहे. तो संतापाकडे पाहतो, संतापाच्या कारणाकडे पाठ फिरवतो.

हा न्याय किती लटका आहे हे पाहायला चेरॉनवर जायला नको. कोकणातल्या महाडला गेले तरी पुरे. मुंबई इलाख्याच्या कायदे मंडळाने 1923 साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, आणि महाड नगरपालिकेने 1924 साली आपला तलाव खुला असल्याचे ठरवले होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या मंडळींना मारहाण झाली, आणि तळे बाटले म्हणून ते गोमूत्र-शेण घालून 'शुद्ध' करण्यात आले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले, आणि ते तळे सर्वांचे आहे असा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च 1937 उजाडले. दहा वर्षे! आता स्पॉकला तिथे पंच म्हणून उभे करा. एका पक्षाची मागणी होती की आम्हांला पाणी पिऊ द्या. दुसऱ्या पक्षाची मागणी होती की यांना पाणी पिऊ देऊ नका. या दोन मागण्यांच्या मधोमध कोणती जागा आहे? अर्धी ओंजळ? 'दोघांनीही द्वेष सोडावा' हा उपदेश पहिल्या पक्षाने ऐकला तर तो तहानलेला राहतो. दुसऱ्याने ऐकला तर त्याचे काय जाते? काहीच नाही! उपदेश एकच, पण त्याची किंमत एकालाच मोजावी लागते.

किंग यांनी स्वतः हे सांगून ठेवले होते. 16 एप्रिल 1963 रोजी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून आठ धर्मगुरूंना त्यांनी जे पत्र लिहिले, त्यात त्यांचा अधिक राग उघड शत्रूंपेक्षा त्या मवाळ गोऱ्या सज्जनांवर होता, ज्यांना न्यायापेक्षा शांतता प्यारी होती आणि जे 'थोडे थांबा' एवढेच सांगत होते. त्यानंतर सहा वर्षांनी दूरचित्रवाणीने वर्णद्वेषावर जी कथा सांगितली, तिचा नायक नेमका तो मवाळ सज्जन आहे! आणखी एक गोष्ट पाहा. लोकाई आणि बील या दोन्ही भूमिका गोऱ्या नटांनीच, लू अँटोनियो आणि फ्रँक गॉर्शिन यांनी, रंग फासून केल्या. यानावर उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी स्त्री होती, निशेल निकल्स ही गुणी नटी ती भूमिका करीत असे. पण वंशभेदाच्या या कथेत तिच्या वाट्याला शेवटी हळहळण्यापलीकडे फारसे काही आले नाही. ज्याचे जळते त्याला मागच्या रांगेत बसवून जळण्याविषयी चर्चा करण्याची ही रीत आपल्याही परिसंवादांच्या परिचयाची आहे.

तथापि हा समतोलाचा दोष दुय्यम आहे. मुख्य दोष निराळाच आहे, आणि त्याच्यामुळेच आमचे यजमान निर्धास्त हसू शकले. ही कथा सांगते की, सगळ्या अनर्थाचे मूळ द्वेष आहे. बील डोळे वटारतो, दात खातो, गरजतो. प्रेक्षक पाहतो आणि मनाशी म्हणतो की, मी काही असा नाही. मी कोणाचा द्वेष करत नाही. आणि हे खरे असते! तो कोणाचा द्वेष करत नाही. म्हणून तो सुटतो. परंतु जातिभेदाला द्वेष लागतो कुठे? जातिभेद सोयीवर चालतो. 'मला काही नाही हो, पण सोसायटीतली माणसे...', 'आमच्या आईला चालत नाही', 'उगाच कटकट नको'. यात द्वेषाचा लवलेश नाही. असते ती फक्त सोय. आणि सोय ही द्वेषापेक्षा टिकाऊ असते, कारण द्वेष करणारा कधीतरी दमतो, सोय पाहणाऱ्याला दमण्याचे कारणच नसते.

याची साक्ष बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. 1917 साली परदेशात शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रांतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात आला, आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायचे वचन द्यावे लागले. काठ्या घेतलेले ते लोक म्हणजे बील. त्यांना आपण ओळखतो. पण पुढचा भाग अधिक बोलका आहे. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता. तो म्हणाला की, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर काम सोडून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला. त्याने पत्नीला विचारतो म्हणून सांगितले, आणि तेही जमले नाही. हे दोघे मित्र होते! त्यांच्या मनात द्वेष असता तर ते मित्रच झाले नसते. बाबासाहेबांना बडोदा सोडायला लावले ते काठ्यांनी, आणि तितकेच 'नोकर जातील' या एका वाक्याने. चेरॉनच्या कथेत काठ्या आहेत; ते वाक्य नाही. आणि आमच्या दिवाणखान्यात 'घरात विचारून कळवतो' म्हणून उच्चारले गेले, ते तेच वाक्य होते.

आता कोणी म्हणेल की, अमेरिकन लेखकाला हे कसे सुचावे? अमेरिकन लेखकाचे राहू द्या; आपल्याकडे ते सहा वर्षे आधीच लिहून झाले होते. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह 1963 साली प्रसिद्ध झाला. शीर्षककथेतला तरुण नोकरीच्या गावी जातो, खोली मिळावी म्हणून जात लपवतो. माणसे त्याला मान देतात, आणि जात उघडी पडताच तीच माणसे त्याला बडवतात. शीर्षकातले 'चोरली' हे क्रियापदच पाहा. आपलीच जात सांगितली नाही, तर ती चोरी! चेरॉनवर जात चोरता येत नाही, ती तोंडावर रंगवलेली आहे. बागुलांच्या जगात ती चोरता येते, आणि म्हणून पकडले जाण्याची भीती चोवीस तास सोबत असते. बागुलांनी ग्रह मारला नाही, स्फोट केला नाही. फक्त एक भाड्याची खोली दाखवली. वाचणाऱ्याला सुटायला जागा ठेवली नाही. ज्यांना विज्ञानकथेतून समतेचे धडे मुलांना द्यायचे आहेत त्यांनी अवश्य द्यावेत. पण शेजारच्या वाचनालयातून हे पुस्तकही आणावे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 पासून चालू आहे. पुस्तकासाठी अंतराळात जावे लागणार नाही.

आणि न्याय राखून सांगायचे तर त्याच 'स्टार ट्रेक'च्या वंशातल्या पुढच्या मालिकेने ही चूक सुधारलीही आहे. 'डीप स्पेस नाइन' या मालिकेतला 'फार बियाँड द स्टार्स' हा भाग फेब्रुवारी 1998 मध्ये आला. त्याचे दिग्दर्शन एव्हरी ब्रुक्स या कृष्णवर्णीय नटाने केले आणि मुख्य भूमिकाही त्यानेच केली. त्यात 1953 सालच्या न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या एका मासिकात काम करणारा कृष्णवर्णीय लेखक आहे. त्याने लिहिलेल्या कथेचा नायक काळा आहे, म्हणून ती छापायला संपादक कचरतो; शेवटी ती छापली जाते, तर मालक सारा अंकच नष्ट करून टाकतो. संपादक राक्षस नाही. त्याला वाचक दुखवायचे नाहीत, मालक दुखवायचा नाही; त्याला आपली सोय पाहायची आहे. मासिकाच्या पानावरच हे लिहितो आहे म्हणून सांगतो: तो संपादक पाहताना मला बीलपेक्षा अधिक भीती वाटली.

'हा तुमचा पुस्तकी युक्तिवाद झाला. आता काळ बदलला आहे', असे म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी विचारतो. पहिली ठाण्याची. मे 2019 मध्ये ढोकाळी भागातल्या एका निवासी संकुलाच्या सांडपाणी प्रकल्पाची टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. माणसाला अशा टाकीत संरक्षणावाचून उतरवू नये असा कायदा 2013 साली झालेला होता. त्या तिघांचा द्वेष कोणी करत होते काय? कोणीच नाही. बहुतेकांना त्यांची नावेही ठाऊक नसतील. टाकी तुंबली होती, ती मोकळी व्हायला हवी होती, आणि असल्या कामाला कोण उतरणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असल्यामुळे कोणाला वेगळा विचार करावा लागला नाही. स्पॉकसाहेबांनी तेथे येऊन सांगावे की, कोणत्या दोन टोकाच्या मनोवृत्तींमुळे हे घडले?

दुसरी गोष्ट ठाण्याच्या वेशीवरल्या मुलुंडची. सप्टेंबर 2023 मध्ये एका मराठी बाईंना कार्यालयासाठी जागा नाकारण्यात आली, कारण त्या महाराष्ट्रीय होत्या. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली आणि आपण सारे खवळून उठलो. योग्यच केले! आपल्याच राज्यात आपल्यालाच दार बंद? पण तेव्हा कोणी आपल्याला सांगितले का की, दोन्ही बाजूंनी द्वेष सोडावा? सांगितले असते तर आपण ऐकून घेतले असते का? आपण म्हणालो असतो, 'अहो, आम्ही जागा मागतो आहोत, द्वेष कसला?' बरोबर. हेच तर लोकाईचे म्हणणे होते! त्या आठवड्यात ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत प्रत्येक मराठी माणसाला क्षणभर कळले की बंद दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय. दुर्दैव एवढेच की, संताप शमल्यावर आपण आपापल्या घरी परतलो आणि आपापल्या दारांच्या कड्या जशाच्या तशा लावून घेतल्या.

माझ्यावर दोन आक्षेप येतील हे जाणतो. एक असा की, तासाभराच्या करमणुकीकडून एवढी अपेक्षा करणे म्हणजे पणतीकडून वीजघराचे काम मागणे आहे. मान्य. पण त्या कथेला पणती म्हणून कोण ओवाळतो? तिला दीपस्तंभ म्हणून मिरवले जाते, शाळाकॉलेजांत उदाहरण म्हणून सांगितले जाते. दीपस्तंभाने खडक तिसऱ्याच ठिकाणी दाखवला तर गलबत फुटणारच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: द्वेषाने दोघांचाही नाश होतो, हे खोटे आहे काय? नाही, खोटे नाही. सूडाला शेवट नसतो, हे कोणीही मान्य करील. पण ज्याच्या छातीवर पाय आहे त्याला 'राग सोड' म्हणण्यापूर्वी ज्याचा पाय आहे त्याला 'पाय काढ' म्हणावे लागते. हा क्रम त्या कथेने उलटा केला असता तरी चालले असते. तिने क्रमच पुसून टाकला.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. पुढल्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. त्याच 1853 साली कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात भाकीत केले की, रेल्वेपाठोपाठ येणारे उद्योग हिंदुस्थानातली वंशपरंपरागत श्रमविभागणी, आणि तिच्यावर उभी असलेली जातिव्यवस्था, विरघळवून टाकतील. गाडीपुरते ते भाकीत खरे झाले म्हणायला हरकत नाही. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर कसाबसा सरकून जागा देणारा माणूस कधी आडनाव विचारत नाही. घाम एक, धक्के एक, भजनही एक. तोच माणूस संध्याकाळी जिना चढून घरी येतो आणि जागा भाड्याने देताना आडनाव विचारतो. तो सकाळी देवमाणूस आणि संध्याकाळी राक्षस होत नाही. तो दोन्ही वेळा तोच असतो. फरक इतकाच की, गाडीत न विचारणे सोयीचे असते आणि घरी विचारणे सोयीचे असते. अर्धे तोंड एक, अर्धे तोंड दुसरे. चेरॉनचा माणूस शोधायला आपल्याला आरशापलीकडे जायला नको.

या दिवाळीतही त्याच घरी फराळाचे आमंत्रण आहे. भाच्याने आधीच सांगून ठेवले आहे की, तसलाच आणखी एखादा भाग लावू या. माझी ना नाही. लाडू उत्तम असतात आणि भाचा हुशार आहे. फक्त या खेपेस पडदा उजळण्यापूर्वी मी यजमानांना विचारणार आहे की, त्या जागेचे पुढे काय झाले, आणि घरात विचारून कळवतो म्हणालात, ते कळवलेत का? गेल्या वर्षी मी हे विचारले नाही. तेव्हा तोंडात लाडू होता, ही सबब मला स्वतःलाच पटत नाही.